शॉकअप नवे टाकूनही पुढून खटखट परत येते? आधी शॉकअपच्या शेजारी बघा

पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, थोडे दिवस गाडी गप्प राहिली आणि पहिल्या पावसानंतर परत तीच खटखट. पुन्हा गॅरेज, पुन्हा "शॉकअप गेलेत", पुन्हा नवी जोडी. घरगुती सेडान वापरणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हा खर्च आता ठरलेलाच वाटायला लागला आहे, आणि बहुतेक वेळा तो टाळता येतो. चांगल्या कंपनीचा, नीट बसवलेला स्ट्रट (म्हणजे हाच पुढचा शॉकअप) चार-सहा महिन्यांत जात नाही. आपल्या रस्त्यांवरही तो काही वर्षं सहज टिकायला हवा. तो लगेच गेला असेल, तर एक तर आवाज मुळात त्याचा नव्हताच, नाहीतर बसवताना किंवा नंतर त्याच्यावर भलता ताण आला. तिसरी जोडी विकत घेण्याआधी यातलं काय झालं ते शोधा, एवढं कळकळीचं सांगणं आहे.

हा भाग नेमकं करतो काय

डिझायर, सिटी, वर्ना, सियाझ, अमेझ, या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकी अभियंता १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका छोट्या शेव्हरलेटवर काम करत होता. तो प्रकल्प गुंडाळला गेला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांवर ही रचना लोकांसमोर आली. आपल्याकडे १९८३ ची मारुती ८०० याच रचनेची होती. त्याआधीच्या पद्मिनीला पुढे चाक धरायला वर-खाली दोन आर्म, म्हणजे आडव्या दांड्या, असत. मॅकफर्सनच्या रचनेत वरचा आर्म काढूनच टाकला आहे आणि त्याचं काम शॉकअपच्या नळकांड्यावर सोपवलं आहे.

म्हणजे आपण ज्याला सरसकट 'पुढचा शॉकअप' म्हणतो, त्याच्याकडे एकाच वेळी तीन कामं आहेत. स्प्रिंगचा खालचा भाग त्याच्या सीटवर बसतो, म्हणून गाडीचं वजन त्याच्यावर. चाक उभं धरून ठेवणंही त्याच्याकडे, म्हणून ब्रेक मारताना आणि वळताना आडवा जोर त्याच्या रॉडवर येतो. आणि स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंगसकट अख्खा स्ट्रट वरच्या माउंटिंगमधल्या (बॉडीला जोडणाऱ्या भागातल्या) बेअरिंगवर फिरतो. मागच्या साध्या शॉकअपला आडवा जोर आणि फिरणं हे दोन्ही जाच नसतात. पुढचा स्ट्रट आजारी पडला की स्टिअरिंग, टायर आणि ब्रेक तिन्हींवर परिणाम दिसतो तो यामुळेच.

आतली रचना समजली की पुढच्या गोष्टी लवकर कळतात. खड्ड्यातला धक्का स्प्रिंग झेलते, पण झेललेली ऊर्जा ती परत फेकते. ती जिरवायचं काम तेलाचं. पिस्टन तेलातून वर-खाली होतो, तेल बारीक झडपांमधून रेटलं जातं, ऊर्जेची उष्णता होते आणि गाडीचं डोलणं थांबतं. बहुतेक घरगुती गाड्यांच्या स्ट्रटमध्ये एकात एक अशी दोन नळकांडी असतात आणि बाहेरच्या नळकांड्याच्या वरच्या भागात थोड्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. तो तेलाला फेस येऊ देत नाही. गाडीचं वजन पेलायला तो नसतो, त्यामुळे 'गॅस संपला म्हणून गाडी खाली बसली' हे निदान चूक आहे. गाडी खाली बसली असेल तर स्प्रिंग बघा.

आवाज कुठला, हे आधी ठरवा

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा बळीचा बकरा होतो तो शॉकअप, आणि खरा दोषी निघतो लिंक रॉड, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी. वीस-तीसच्या वेगात, पेव्हर ब्लॉकवर किंवा डांबर उखडलेल्या रस्त्यावर बारीक 'टकटक, टकटक' येते आणि मोठ्या खड्ड्यात मात्र फारसं काही वाजत नाही, तर आधी लिंक रॉडचे बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश बघा. स्ट्रटच्या तुलनेत हे किरकोळ खर्चाचं काम आहे.

इथे एक गोम आहे. गाडी लिफ्टवर चढवली की दोन्ही चाकं लोंबकळतात आणि ढिला लिंक रॉडही हाताला घट्ट लागू शकतो. "लिंक रॉड चेक केला, ओके आहे" हे उत्तर अशाच तपासणीतून येतं. चाकं जमिनीवर ठेवून, किंवा चाकांखाली रॅम्प असलेल्या लिफ्टवर, लिंकच्या जॉइंटवर बोटं ठेवा आणि दुसऱ्याला गाडी कडेने हलवायला सांगा. जॉइंट गेला असेल तर बोटांना बारीक ठोका जाणवतो. तरीही शंका राहिली तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढायचे, बार कुठे घासणार नाही असा बांधायचा आणि त्याच खराब रस्त्यावर अगदी हळू एक चक्कर मारायची. आवाज गेला तर चोर सापडला. असं करताना गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा ही चक्कर गल्लीतच मारा, हायवेवर नको.

उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना पुढून 'टण्ण' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर माउंटिंगचं बेअरिंग अडकलेलं असतं. चाकाच्या कमानीतून स्प्रिंगच्या एका वेढ्यावर खडूने उभी रेघ मारा, कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि रेघ बघत राहा. बेअरिंग चांगलं असेल तर रेघ चाकाबरोबर सरकते. अडकलं असेल तर चाक फिरतं, रेघ जागेवर थांबते, स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम झटक्यात उडी मारते. तो झटका म्हणजेच तुमचा 'टण्ण'. स्टिअरिंग वळल्यावर आपोआप नीट सरळ न येणं हेही याच अडकलेल्या बेअरिंगचं लक्षण असू शकतं.

मोठ्या खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवरून उतरताना जोरात 'धाड' आली, तर स्ट्रट शेवटपर्यंत दाबला जातोय आणि त्याला थोपवणारा बंप स्टॉप तुटलाय किंवा आत नाहीच. उतरल्यावर गाडीचं नाक दोन-तीन वेळा वर-खाली डोलत राहिलं, ब्रेक मारताना नेहमीपेक्षा जास्त खाली गेलं, तर स्ट्रट खरंच थकलाय. टायरवरून तळवा फिरवून बघा. रबर एकसारखं न झिजता ठिकठिकाणी खड्डे-उंचवटे लागत असतील, तर चाक रस्त्यावर टिकत नसून टणाटणा उडतंय. पण चाकाचा बॅलन्स बिघडला असेल तरी टायर असाच झिजतो, म्हणून तोही तपासा.

बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी सगळ्यांना माहीत आहे. ती करा, पण तिच्यावर फार विसंबू नका. पूर्ण मेलेला स्ट्रट ती पकडते, अर्धा गेलेला सुटून जातो.

स्टिअरिंग जागच्या जागी भरभर डावी-उजवी हलवल्यावर टकटक आली तर रॅक, टाय रॉड एंड आणि स्टिअरिंगची जोडदांडी तपासा. ब्रेक मारल्यावर एकदाच 'ठक' आलं तर लोअर आर्मचा मागचा बुश. यात स्ट्रटचा काही संबंध नाही.

ओला दिसला म्हणजे गेला असं नाही

स्ट्रटच्या तोंडाशी, तेल आत अडवणाऱ्या सीलमधून तेलाचा अगदी पातळ थर येणं स्वाभाविक आहे, कारण सीलला ओलावा लागतोच. त्यावर धूळ बसून काळपट पट्टा दिसतो आणि तेवढ्यावर 'लीक आहे' म्हणून नवी जोडी गळ्यात मारली जाते. कपड्याने स्वच्छ पुसा, आठवडाभर गाडी चालवा, परत बघा. नुसता मळकट ओलसरपणा आला तर चालवत राहा. तेलाचे ओघळ नळकांड्याच्या निम्म्याच्या खाली उतरले असतील, खालच्या बोल्टपर्यंत ओलं असेल, तर सील गेलं. पावसाळ्यात पुसल्याशिवाय निर्णय घेऊ नका. चिखलाचं पाणी आणि तेल लांबून सारखंच दिसतं.

नवा स्ट्रट परत का जातो

खरा मुद्दा इथे आहे.

स्ट्रटचा रॉड आरशासारखा गुळगुळीत असतो, कारण त्याच्यावर सीलची कड सतत घासते. वरचा नट आवळताना रॉड गरगर फिरतो. तो थांबवायला रॉडच्या टोकाला षटकोनी खाच किंवा सपाट कड दिलेली असते, तिथे पाना लावायचा. घाईत काय होतं, तर रॉड पकडीने नाहीतर पाइप पान्याने आवळून धरला जातो आणि चकचकीत क्रोमवर दातांचे ओरखडे उठतात. पुढच्या प्रत्येक खड्ड्यात तो ओरखडा सीलमधून जातो-येतो. महिन्या-दोन महिन्यांत तेल बाहेर. मग म्हणायचं, कंपनीचा मालच खराब. जुना स्ट्रट काढल्यावर त्याचं डस्ट कव्हर (रॉड झाकणारं आवरण) वर सरकवा आणि उजेडात रॉड फिरवून पाहा. पकडीच्या दातांची रांग स्पष्ट दिसते. ती दिसली तर हा प्रश्न तिथेच सुटला.

दुसरी काटकसर डस्ट कव्हर आणि बंप स्टॉपची. स्ट्रट नवा घेतला जातो आणि फाटलेलं कव्हर, भुगा झालेला बंप स्टॉप तसाच परत चढवला जातो, काही वेळा काढूनच टाकला जातो. कोकणातल्या तांबड्या मातीत, घाटमाथ्यावरच्या बारीक धुळीत उघडा रॉड किती टिकणार? माती रॉडला चिकटते आणि सील आतून खरवडली जाते. बंप स्टॉप नसेल तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आपटून आतली तळाची झडप फुटते. स्ट्रट बदलताय तर कव्हर, बंप स्टॉप, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग बरोबरच बदला. हे सगळं काढायची मजुरी एकदाच पडते. माउंटिंग नंतर गेलं तर तीच मजुरी पुन्हा द्यायची.

तिसरी गोष्ट फार कमी लोक करतात. नवा स्ट्रट दुकानात बऱ्याचदा आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळकांड्यात हवेचा बुडबुडा शिरतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. सुरुवातीला मध्येच हात रिकामा गेल्यासारखा वाटतो, मग जोर एकसारखा लागतो. तसा लागला की बसवा. हे न केल्याने पहिल्याच दिवशी आतून 'चकचक' ऐकू येते आणि चांगला स्ट्रट परत करायला लोक दुकानात जातात.

स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलं पाहिजे. बोटभर जरी मागे राहिलं तरी पहिल्या काही खड्ड्यांत स्प्रिंग फिरून जागेवर बसते, तोवर वरचा नट ढिला पडलेला असतो आणि खटखट सुरू. बेअरिंग उलटं बसणं हाही नेहमीचा घोळ.

आणि बुशांचं. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना, चाक लोंबकळत असताना पक्के आवळले की रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत घट्ट होतो. गाडी खाली उतरली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मग आवाज परत, आणि संशय परत शॉकअपवर. हे बोल्ट आधी नुसते लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायचे. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने नको. स्ट्रटचे सेल्फ-लॉकिंग नटही नवेच वापरा.

स्प्रिंगमधले रबर

सेडान खालून घासते, ही आपली खरी अडचण आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. सोसायटीच्या दारात आणि गावाच्या वेशीवर दिसतात ते हातभर रुंदीचे सिमेंटचे उंचवटे. घरचे पाच जण आणि डिकीत सामान असलं की पोट टेकतंच. यावर तोड म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर ठोकले जातात.

मी ते बसवू नका असंच सांगेन. रबर जिथे बसतं तिथले दोन वेढे हलायचे थांबतात आणि त्यांचं काम बाकीच्या वेढ्यांवर पडतं. स्प्रिंग कडक होते. स्ट्रटच्या झडपा मूळ स्प्रिंगसाठी बनवलेल्या असतात, त्यांना ही जास्त उसळी आवरत नाही. गाडी उंच झाली म्हणजे रॉड आधीच बराच बाहेर आलेला असतो, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरलं की तो वरच्या टोकाला आपटून 'टक' वाजतो. रबराच्या कडेला पाणी आणि माती अडकून स्प्रिंगचा रंग उडतो, गंज धरतो. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं आणि एक दिवस वेढा तुटतो. ज्यांचे स्ट्रट वारंवार जातात त्यांनी पहिल्यांदा हे रबर काढून बघावं. स्प्रिंग खरंच दबली असेल तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगची जोडी टाका, गाडीची हरवलेली उंची परत मिळते.

रिपेअर करून मिळणाऱ्या शॉकअपबद्दलही असंच मत आहे. पूर्वी अनेक स्ट्रटच्या तोंडाला आट्यांचा नट असे, तो उघडून सील आणि तेल बदलता यायचं. आताचे बहुतेक स्ट्रट कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. ते कापून, हाताशी असेल ते तेल भरून, वेल्डिंग करून, काळा रंग मारला की दिसायला नवे होतात. आत गॅसचा दाब नसतो आणि तेलाचा जाडपणा मूळ झडपांशी जुळेलच असं नाही. स्वस्त पडतात हे खरं आहे, पण ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते हे त्यांच्यावर अवलंबून आहे.

स्वतः काम करणार असाल तर

स्ट्रट गाडीवरून काढणं पाना चालवता येणाऱ्या माणसाला जमू शकतं. तो सुटा करणं हे वेगळं प्रकरण आहे. माउंटिंगचा मधला नट म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगचं झाकण. कॉम्प्रेसरने स्प्रिंग सीटवरून मोकळी झाल्याशिवाय तो नट सोडला तर माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखं उडतं आणि माणूस जिवाला मुकतो. आटे गेलेला, हुक वाकलेला कॉम्प्रेसर हातात घेऊ नका. तो नसेल तर अख्खा स्ट्रट काढून गॅरेजला न्या आणि तेवढंच काम करून घ्या.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) स्ट्रटला जोडणारे दोन बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या डोक्याभोवती रंगाने खूण करा, म्हणजे परत बसवताना कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) फारसा बिघडत नाही. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडते. ती ब्रेकच्या होजवर लोंबू देऊ नका, तारेने वर बांधा, आणि जास्त बाहेर ओढू नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. एबीएस सेन्सरची वायर क्लिपमधून आधी सोडा.

स्ट्रट नेहमी जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना असला की ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना गाडी एकसारखी थांबत नाही.

काम झालं की अलाइनमेंट करावीच लागते. या गाड्यांमध्ये साधारणपणे टो (चाकं पुढे आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवता येतो, कॅम्बर जुळवायची सोय नसते. अलाइनमेंटचा कागद मागून घ्या आणि डाव्या-उजव्या कॅम्बरचे आकडे पाहा. त्यांच्यात मोठा फरक असेल तर स्ट्रट किंवा नकल वाकलेली आहे, किंवा सबफ्रेम (लोअर आर्म ज्याला जोडलेले असतात तो खालचा सांगाडा) सरकली आहे. एकाच बाजूचा स्ट्रट पुन्हा पुन्हा जात असेल तर हा आकडा फार महत्त्वाचा, कारण वाकड्या जागेत बसलेल्या नव्या स्ट्रटचा रॉड पहिल्या दिवसापासून सीलला एका अंगाने घासत राहतो.

रोजच्या वापरात

टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे हवा ठेवा, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो. हवा जास्त झाली की टायरने खायचा धक्का स्ट्रटला खावा लागतो. खड्डा टाळता आला नाही तर त्याच्या आधी ब्रेक मारा आणि चाक खड्ड्यात पडायच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचा स्ट्रट आधीच निम्मा दबलेला असतो, उरलेल्या थोड्या जागेत खड्डा झेलता येत नाही आणि तो बंप स्टॉपवर आदळतो. हे वळण अंगी लागलं की फरक खरंच कळतो.

पावसाळा संपला की चाकांच्या कमानीत आतून पाण्याचा फवारा मारून स्प्रिंग सीटमध्ये साचलेला चिखल काढा. तळाचा वेढा तिथेच गंजतो. प्रेशरचं पाणी थेट सीलवर आणि बेअरिंगवर मारू नका. रॉडला ग्रीस, तेल काहीही लावायचं नाही, धूळ चिकटते.

किती किलोमीटरला बदलायचे? स्ट्रट बनवणाऱ्या कंपन्या साधारण ८०,००० किलोमीटरचा आकडा सांगतात. आपल्याकडे तो आकडा तपासणीचा धरा. हायवेवर चालणारी गाडी तो सहज ओलांडते, रोज खडबडीत रस्त्याने जाणारी त्याआधीच थकते.

नवी जोडी घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर गाडीचं रीडिंग लिहून घ्या, खोके आणि जुने भाग परत मागा. बसवण्याआधी दोन्ही रॉडचे आणि बसवल्यावर डस्ट कव्हरचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वॉरंटीत तक्रार करायची वेळ आली तर ओरखडा कारखान्यातला की गॅरेजमधला, हे त्या फोटोवरूनच दाखवता येतं.